विंडोज १० ची मुदत संपली, ऑफिसातल्या तीन डब्यांचं काय करू?

टॉवेलवाला :
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, बाबांनी चालू केलेलं, आता मी बघतो. ऑफिसात दोन आणि आत लूमच्या शेडमधे एक असे तीन डेस्कटॉप. पहिल्यावर मेल, कोटेशन, ई-वे बिल असलं काम, चौथ्या जनरेशनचा आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. दुसऱ्यावर हिशोबाचं टॅली, सातव्या जनरेशनचा आय फाइव्ह, ८ जीबी. तिसरा शेडमधला, सगळ्यात जुना, कोअर टू ड्युओ, त्याचं काम एकच, डिझाईनची फाईल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि लूमवर नक्षी काढणाऱ्या जेकार्डला लावायची, बाकी वेळ कामगार त्यावर गाणी लावतात. तिन्हीवर विंडोज १०.
१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून प्रत्येकजण मला सल्ला द्यायलाय. रिपेरिंगवाला म्हणतो तिन्ही भंगारात घाला, विंडोज ११ ह्यांच्यावर येत नाही, नव्या तीनचं कोटेशन त्यानं त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकलं पण. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो मामा विंडोजच्या जागी लिनक्स टाक, फुकट आहे. पुण्यातला मेव्हणा म्हणतो ॲपलचा मॅक घे आणि विसरून जा. बाबा म्हणतात चालतंय की, कशाला हात लावतो.
ज्यांनी यूट्यूब बघून नाही तर रोजच्या कामाला ह्या गोष्टी वापरल्यात त्यांनी सांगा ओ.

कडक_भाकरी :
बाबांचं ऐक. माझ्या दुकानात अजून विंडोज ७ हाय, २०२० च्या जानेवारीपासनं सपोर्ट नाय त्याला, काय आभाळ कोसळलं? बिल निघतंय, प्रिंट येलालंय. फक्त नेट लावत नाय त्याला.

लिनक्स_काका :
भाकरी, "फक्त नेट लावत नाही" ह्यातच सगळं आलं की हो. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, सापडलेली भोकं बुजवायचं काम बंद होतं. नेट नसलेल्या मशीनला फरक पडत नाही फारसा. पण टॉवेलवाल्यांच्या पहिल्या कॉम्प्युटरवर मेल येते, बँक उघडते, पार्टीनं पाठवलेल्या पीडीएफ उघडतात. तिथं ते चालणार नाही.
माझी ओळख सांगतो, मी निवृत्त शिक्षक, जुळे सोलापुरात राहतो, लिनक्स वापरतोय वीस वर्षं होत आली. तेव्हा उबुंटू ह्या लिनक्सवाले सीडी फुकटात पोस्टानं घरी पाठवायचे, शिपइट म्हणायचे त्याला, २०११ ला बंद केलं त्यांनी. पाकीट परदेशातून आलेलं बघून आमच्या पोस्टमननं विचारलं होतं, गुरुजी पोरगा कुठं असतो. तर सांगायचं हे की तुमच्या आय थ्रीला मिंट नावाचं लिनक्स टाका, त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोज ७ सारखाच चेहरा, ऑफिसातल्या माणसाला अर्ध्या दिवसात सवय होते. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. लायसन नाही, अँटीव्हायरसची दरवर्षीची वर्गणी नाही.
आणि लगेच विंडोज पुसू नका! पेन ड्राइव्हवर मिंट घेऊन त्यावरूनच मशीन चालू करा, हार्ड डिस्कला हात न लावता सगळं बघता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर निघतो का. आठवडाभर तसं वापरा, मग ठरवा.

सीए_ऑफिसातला :
काकांशी सहमत, पण दुसऱ्या मशीनबद्दल बोलू द्या, कारण पोरं "लिनक्स टाक" म्हणून मोकळी होतात आणि मार्च एंडला फोन आम्हाला येतो.
टॅलीप्राइम विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. लिनक्सवर वाइन नावाच्या थरातून चालवतात लोक, चालतंपण, पण कधी प्रिंट बिघडते, कधी एक्सपोर्ट अडकतो, आणि तेव्हा टॅलीचा पार्टनर हात वर करतो, त्याची चूकपण नाही. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमधे आहे, ते कुठंही उघडतं, ई-वे बिलाचं पण तसंच. पण रिटर्नची एक्सेलवाली ऑफलाइन युटिलिटी मॅक्रोवर चालते, तिला खरं विंडोज आणि खरं एक्सेल लागतं, एक्सेलच्या जागी लिनक्सवर जे लिबरऑफिस असतं त्यात ती उघडते आणि बटण दाबलं की गप्प बसते. म्हणून टॅलीच्या मशीनवर लिनक्स नको. बाकी काहीही करा.
आता विंडोज ११ का येत नाही ते. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा आय फाइव्ह सातव्याचा, म्हणजे एका पायरीनं गेला. वाईट वाटतं, कारण ते मशीन अजून पाच वर्षं चाललं असतं.

भाचा_नंबर_वन :
मी तोच भाचा नाही पण मीपण इंजिनिअरिंगला आहे 😄 रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह बनवला तर टीपीएमची तपासणीच काढून टाकता येते, माझ्या घरच्या सहाव्या जनरेशनवर विंडोज ११ मस्त चाललंय. कशाला खर्च करताय काका.

सीए_ऑफिसातला :
घरी गेम खेळायला कर बाबा. असल्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि हमी नसलेल्या मशीनवर मी अशिलाची पुस्तकं ठेवू देणार नाही. आणि शेडमधल्या कोअर टू ड्युओला तर तो जुगाडपण चालत नाही, २४एच२ ह्या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमधे काही सूचना लागतात ज्या त्या काळच्या चिपमधे नाहीतच, सुरूच होत नाही.
एक वर्षाची सोय मात्र आहे. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट वाढवून मिळतात. घरच्या वापराला मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. धंद्याच्या मशीनला वेगळा दर, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढं दरवर्षी दुप्पट. तेवढ्यात टॅलीसाठी नवीन मशीन घ्यायचं बजेट करा. एकच, तीन नाही.

मॅकवाला_पुण्याचा :
मी मूळचा साखर पेठेतला, आता पुण्यात डिझाईनचं काम करतो, आठ वर्षं मॅक. मेव्हण्याच्या बाजूनं कोणीतरी बोलायला पाहिजे ना 🙂
एम फोर चिपचा मॅक मिनी इथं ५९,९०० ला निघाला, १६ जीबी रॅम, आणि त्या किमतीत तसा गार आणि बिनआवाजाचा डबा विंडोजमधे मिळत नाही. सकाळी झाकण उघडल्यासारखं चालू होतं, अपडेट कधी आला कळत नाही, रंग स्क्रीनवर दिसतो तसाच छापून येतो (जवळपास), आणि पाच वर्षांनी विकला तरी पैसे येतात. जुना इंटेलचा मॅक मात्र कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, मॅकओएस २६ हे इंटेलवाल्यांना मिळणारं शेवटचं. म्हणजे विंडोजवाल्यांना जे आज झालं ते त्यांना उद्या.
पण टॉवेलवाले, प्रामाणिकपणे, तुम्हाला मॅक नको. टॅली थेट चालत नाही, आत परत विंडोज चालवायचं म्हणजे दोन दोन भाडी. आणि बिघडला तर रॅम काढून पुसून परत लावली असला प्रकार नाही, सगळं आत चिकटवलेलं. दुरुस्तीला पुणं गाठावं लागलं तर दोन दिवस गेले.

कडक_भाकरी :
हे पहिलं माणूस बघितलं जे मॅक वापरतंय आन दुसऱ्याला घेऊ नको म्हणलालंय.

डीटीपीताई :
वाचत होते, राहवलं नाही. नवी पेठेत माझं लग्नपत्रिका आणि बिलबुकाचं काम आहे, बावीस वर्षं. तुम्ही सगळे टॅली टॅली करताय, मराठीचं कोणी बोलतच नाही!
माझ्याकडं हजारो फाईली आहेत, श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टांत केलेल्या, पेजमेकर आणि कोरल ह्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधल्या. जुन्या फॉन्टांची गंमत अशी की त्यात मराठी अक्षर असं काही नसतंच, आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, वरून फॉन्ट मराठीचा मुखवटा घालतो. फॉन्ट काढला की चि. सौ. कां. च्या जागी नुसता कचरा. फॉन्टची फाईल लिनक्सला किंवा मॅकला टाकली तर जुना मजकूर दिसतो, ते करून बघितलंय, पण त्यात नवीन टाईप करायचं तर कळफलकाचं सॉफ्टवेअर विंडोजचं, आणि कोरल लिनक्सवर येत नाही. त्याच्या जागी चालणारं इंकस्केप शिकले मी, वाईट नाही, पण गिऱ्हाईक उभं असताना जुनी पत्रिका उघडून नावं बदलून दहा मिनिटांत द्यायची असते, तिथं इंकस्केप म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटण्यासारखं.
युनिकोडमधे, म्हणजे जिथं अक्षर आतूनच मराठी असतं, तिथं मात्र तिघंही सारखे. इनस्क्रिप्टचा कळफलक एकदा बोटात बसला की विंडोज असो मिंट असो मॅक असो, के दाबलं की क आणि एच दाबलं की प. माझी परीक्षा एकच असते, "दऱ्या" आणि "वाऱ्यावर" नीट येतं का. शिफ्ट जे, डी, मग स्लॅश. मिंटवर आलं, मॅकवर आलं. रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांची मात्र पंचाईत, विंडोज १० मधे २०१९ पासून त्यासाठी फोनेटिक कळफलक आहे, लिनक्सला आयबस ह्या टायपिंगच्या सोयीतून एम१७एन लावावं लागतं, सवयी थोड्या थोड्या वेगळ्या. ऑफिसात कोण टाईप करतं तुमच्याकडं?

टॉवेलवाला :
ताई, एमएस-सीआयटी झालेली एक मुलगी आहे, ती गुगलच्या ब्राउझरमधल्या टूलनं मराठी लिहिते, पार्टीला पत्रं वगैरे. बाकी सगळं इंग्रजीत. तिचीच भीती वाटते, ती म्हणाली सर मला विंडोजच येतं.

लिनक्स_काका :
ब्राउझरमधे लिहिते ना, मग तिला काहीच बदलणार नाही. लोकांना वाटतं आपल्याला विंडोज येतं, खरं तर त्यांना ब्राउझर येतो आणि फाईल कुठं ठेवली ते आठवतं. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात.

कडक_भाकरी :
काका केरळ राहू द्या. माझा एक सरळ प्रश्न. सोमवारी सकाळी चालू झालं नाय तर सोलापुरात येणार कोण? विंडोजचा माणूस मला सात रस्त्यावर चहाच्या टपरीवर पण भेटतो. पेन ड्राइव्ह खिशातच असतो त्याच्या. लिनक्सला कुणाला बोलावू? तुम्हाला?

लिनक्स_काका :
येईन की. पण तुमचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. टपरीवरचा माणूस प्रत्येक दुखण्याला एकच औषध देतो, फॉरमॅट, हेपण खरं. पण तो येतो.

जेकार्ड_मिस्त्री :
मला शेडमधल्या कॉम्प्युटरबद्दल बोलायचंय, तो माझ्या धंद्यातला आहे. मी लूमचं आणि जेकार्डचं काम करतो, पूर्व भागात निम्म्या कारखान्यात जातो.
पहिलं, तुमच्या मशीनचं झाकण शेवटचं कधी उघडलं? तिथं सुताची धूळ असते, पंख्यावर अशी बसते की आतून टॉवेलच विणलाय असं वाटतं. एप्रिलमधे बाहेर ४३ डिग्री, आत पत्रा तापलेला, प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपोआप हळू होतो आणि मालक म्हणतो विंडोज स्लो झालं. आधी ब्लोअर मारा, मग सिस्टीम बदला. दुसरं, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा, तिन्हीला. चौथ्या जनरेशनचा आय थ्री एसएसडीवर बघा आणि मग सांगा कुठली सिस्टीम फास्ट आहे.
तिसरं पेन ड्राइव्ह. एकाच पेन ड्राइव्हवरून दहा कारखान्यात डिझाईन फिरतात आणि शॉर्टकट व्हायरस फिरतो. फोल्डर गायब, त्याच्या जागी शॉर्टकट, दाबलं की पुढच्या मशीनला लागण. मालक रडतो डिझाईन गेलं म्हणून. गेलेलं नसतं, नुसतं लपवलेलं असतं. मी जुन्या लॅपटॉपवर मिंट ठेवलंय फक्त ह्याच्यासाठी, तिथं पेन ड्राइव्ह लावला की लपवलेला फोल्डर आणि व्हायरसची फाईल दोन्ही समोर दिसतात, विंडोजचा व्हायरस तिथं चालत नाही, पुसून टाकतो. शेडमधे त्यामुळं लिनक्स टाका, डिझाईन काढायचं सॉफ्टवेअर डिझायनरकडं आहे, तुम्हाला नुसती फाईल उचलून ठेवायचीय.
आणि एक गंमत, तुम्ही सगळे कॉम्प्युटरवाले आहात म्हणून सांगतो. जुन्या जेकार्डला पुठ्ठ्याचे भोकाभोकाचे पत्ते लागायचे, भोक असेल तर सुई जाते, धागा वर, नाही तर खाली. फ्रान्समधे जाकार्दनं ते १८०४ च्या सुमाराला केलं, आणि कॉम्प्युटरची कल्पना आधी मांडणाऱ्या बॅबेजनं त्याच पत्त्यांवरून आपल्या यंत्राला सूचना द्यायची कल्पना घेतली. आपल्या चादरीवरचा मोर काढणारे पत्ते तुमच्या विंडोज-लिनक्सचे आजोबा आहेत. माझ्या वडलांना सांगितलं तर म्हणाले, मग त्याला धूळ का सोसत नाही?

मॅकवाला_पुण्याचा :
वडील भारी 😂

टॉवेलवाला :
गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत बसलो तीन दिवस, आता रिपोर्ट देतो, लांब आहे.
मिस्त्रींचं ऐकून आधी झाकणं उघडली. शेडमधल्यातून जे निघालं ते बघून बाबा म्हणाले तराजू आणा. नुसत्या ब्लोअरनं पंख्याचा आवाज निम्मा झाला. मग आय थ्रीला एसएसडी लावली, रॅम ८ केली, पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघितलं. वायफाय लगेच, आवाज लगेच, ई-वे बिलाचं पोर्टल, बँक, मेल सगळं लागलं. आणि मग प्रिंटर. दोन प्रिंटर आहेत, एक एचपीचा, तो वायर लावल्याबरोबर स्वतःच सापडला, ड्रायव्हर आधीच आत होता, विंडोजला त्याची सीडी शोधत बसायचो. दुसरा तो प्रत्येक ऑफिसात दिसणारा छोटा लेझर, दुसऱ्या कंपनीचा, त्यानं दीड दिवस खाल्ला. काका फोनवर, भाचा समोर, पान आत जातं आणि कोरं बाहेर येतं.
शेवटी तो टॅलीच्या विंडोजला लावून शेअर केला.
दुसरी फजिती माझी स्वतःची. भीतीनं आय थ्रीवर विंडोज तसंच ठेवून बाजूला मिंट टाकलं, चालू करताना विचारतं कुठलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला विंडोजमधे गेलो तर घड्याळात सकाळचे साडेदहा. सेलची बॅटरी गेली म्हणून नवीन आणून घातली. तेच. पुढच्या वेळी परत साडेपाच तास मागं!

लिनक्स_काका :
अहो बॅटरी कशाला बदलली, विचारायचं तरी. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ आहे असं धरून वाचतं. आपला फरक साडेपाच तासांचा, तेवढंच मागं दिसतं. लिनक्सला टर्मिनलमधे एका ओळीत सांगता येतं की बाबा इथं स्थानिक वेळ ठेव. पाठवतो व्हॉट्सॲपवर. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटला डी ड्राइव्ह नुसता वाचायला मिळेल, लिहू देणार नाही.

टॉवेलवाला :
केलं काका, दोन्ही झालं. बॅटरी नवीन राहिली आता, चांगलंच आहे.
तर हिशोब असा झाला. आय थ्रीवर मिंट, विंडोज कोपऱ्यात पडून आहे, महिन्यात दोनदा उघडलं. शेडमधे कोअर टू ड्युओवर मिंट, नेट काढून टाकलं, गाण्यांचं फोल्डर ठेवलं नाहीतर कामगारांनी संप केला असता. टॅलीला मार्चच्या आधी विंडोज ११ चं नवीन मशीन, सीए साहेबांनी सांगितल्यासारखं एकच. सातव्या जनरेशनचा आय फाइव्ह घरी नेला, तिथं विंडोज १० ची एक वर्षाची वाढीव मुदत घेतली, पोरांचा अभ्यास चालतो. रिपेरिंगवाल्याचा रोज गुड मॉर्निंगचा मेसेज यायचा तो बंद झालाय.
ऑफिसातल्या मुलीनं दोन दिवस तोंड पाडलं, तिसऱ्या दिवशी तिनंच पॅनेलचा रंग बदलला. पण तिच्या एका कोटेशनची एक्सेल शीट लिबरऑफिसमधे गेली आणि बॉर्डर सगळ्या सरकल्या, पार्टीनं फोन केला हे काय पाठवलंय. आता पार्टीला जाणारं सगळं पीडीएफ करून पाठवतो.

डीटीपीताई :
पीडीएफच पाठवा, आम्हालापण! एक्सेलमधे बिलबुकाचा नमुना आणणाऱ्यांना हात जोडते.

कडक_भाकरी :
म्हणजे शेवटी तिन्ही ठेवलंस की. विंडोज ११, विंडोज १० आन लिनक्स. मॅकच तेवढा राहिला, मेव्हणा रुसला असेल.

टॉवेलवाला :
मेव्हणा रुसला नाही, बाबा रुसलेत. परवा विचारतात, ते जुनं विंडोज ह्यावर परत कधी येणार? म्हटलं का, काय अडलंय? मेल येतीय, बिल निघतंय. तर म्हणाले दुपारी जेवल्यावर पत्ते खेळायचो, ते कुठं गेले.

लिनक्स_काका :
सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, शोधायच्या जागी इंग्रजीत आयलरायट (aisleriot) लिहा. त्यात पत्त्यांचे ऐंशीच्या वर खेळ आहेत. पहिलाच क्लोंडाइक असेल, तो त्यांचा नेहमीचा.